यजमान

खिडकीखाली हापसालूची खाडी गोठलीय.
टेबलावर विणकामाचं यंत्र, दोनशे सुया,
आणि जुना लॅपटॉप. त्याच्या डिस्कच्या मागच्या कप्प्यात
विंडोज राहते. एकुलती एक.

दिवसा मी तिला लिनक्सच्या आत उघडते,
चौकटीपुरती, पाहुणी म्हणून.
तिथे तिची समजूत अशी, की आपल्याला दोनच जीबी मेमरी
आणि चौकटीपलीकडे जगच नाही.
ती शालींचे नमुने सांभाळते,
मी शेजारच्या खिडकीत हिशेब, लोकरीची बिलं, रेडिओ.

रात्री प्रत्यक्ष विणायचं असतं.
यंत्राच्या केबलला खोटा पोर्ट खपत नाही,
एक टाका हुकला की ओळच तिरकी.
म्हणून सगळं बंद करून पुन्हा बूट करायचं,
काळ्या पडद्यावर यादीतली खालची ओळ,
की तीच विंडोज आता घराची मालकीण.
आधी जरा भांबावते.
नवा प्रोसेसर सापडला म्हणते, नवा पडदा सापडला,
मीच ना मी, अशी खात्री मागते.
घड्याळ दोन तास मागे.
अगं, म्हणते मी, घर तेच आहे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
माझ्याकडे तलवार एक, म्यानं दोन.
दुकानातल्या राइगोने पथ्य एकच सांगितलं होतं:
झोपवू नका, बंद करा.
इथे डोळा लागलेलीला तिथे उठवू नका.

फेब्रुवारीत मी नेमकं तेच केलं.
झाकण मिटलं, दाराशी बर्फ उपसायला गेले, विसरले.
सकाळी उघडली ती चौकटीत.
लिलीच्या फुलांचा नमुना, चौऱ्याऐंशी ओळी,
एक्केचाळिसाव्यानंतर नुसती शून्यं.
हातात विणलेली अर्धी शाल, तीवरून
मी पुढचं आठवत बसले. आठ दिवस.
बाविसाव्या पाकळीला वळण कुठलं, अजून शंका आहे.

महिन्यातून एका शुक्रवारी आमचे यजमान येतात,
काल्यो, तुर्कूच्या गोदीत वेल्डर.
टॉवेल कुठे ठेवलास विचारतो.
हा दिवा नवा का?
दोन्ही देशांत घड्याळ एकच,
तरी तो दोन तास मागे.

पूर्वी मी दारातच सुरू व्हायचे,
गळका नळ, बँकेचं पत्र.
आता आधी बूट काढू देते.
बाकावर बसतो, हातमोजे तसेच,
तिकडचं काहीतरी अजून
बंद होत असतं.
मी सूप आचेवर ठेवते,
मंद.