तिसरं अक्षर

मामंजींच्या स्वयंपाकघरात, हडर्सफील्डला,
शनिवारी सकाळी मी टपाल निवडायला बसते.
गॅसचं एका ढिगात, पाण्याचं एका,
कौन्सिल टॅक्सचं तांबड्या अक्षरांचं पत्र वेगळं,
तांदळातून खडा काढावा तसं.

बॉयलरचा विमा त्यांनी तीनदा उतरवलाय.
तीन कंपन्यांकडे. बॉयलर एकच.
"पोरगी फार गोड बोलत होती फोनवर," म्हणतात,
"आणि थंडीचे दिवस."
मी काही बोलत नाही. मागच्या मार्चात
एक पोरगा असाच गोड बोलला
आणि अकराशे पौंड गेले.
शिरीषला ते अजून माहीत नाही. मला सांगितलं,
कारण सून म्हणजे, त्यांच्या लेखी, अर्धी परकी.
परक्यापुढे लाज थोडी कमी वाटते.

तीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात
दुसऱ्यांची लोकर निळी करत उभा राहिलेला माणूस.
पेन्शनची पै न् पै वहीत.
हल्ली त्या वहीत सात तारखेनंतर
पुन्हा सात तारीख येते,
आणि बेरजेच्या रेघेखाली
नुसती रेघच असते.

माझे बाबा इचलकरंजीहून व्हिडिओवर म्हणतात,
"आमचं आम्ही बघतो. तू तिकडचं बघ."
दोन्ही घरांत मुठी झाकलेल्या,
सव्वा सव्वा लाखाच्या.

आज बँकेला फोन लावला.
चाळीस मिनिटं व्हायोलिन. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला.
मुखत्यारपत्राचे कागद पोचलेत, बाई म्हणाली,
पण आधी खातेदारांशी बोलायचंय.
खात्याला एक लक्षात राहणारा शब्द आहे.
त्यातलं तिसरं अक्षर सांगाल?

मामंजींनी चष्मा काढला.
"का," म्हणाले.

सॉरी? बाई म्हणाली.
मी हळूच, "मामंजी, विचारावंच लागतं त्यांना. नियम आहे."
"का," ते जरा चिडून म्हणाले,
"तिसरं अक्षर. का."
आणि गॅसच्या बिलाच्या पाठीवर,
हात कापत होता तरी शिरोरेघ सरळ ओढून,
लिहून दाखवलं:
द्वारका.

मी बोटांवर इंग्रजी मोजलं. डी, डब्ल्यू,
आणि त्यांच्याकडे बघून ओठ हलवले.
"ए," ते फोनला म्हणाले. "ॲपलचा."

बाई कुठलीतरी खातरजमा करायला गेली. व्हायोलिन.
द्वारका कोण, मी विचारलं.
"सुलभाच. माहेरची."

सहा वर्षं झाली सासूबाईंना जाऊन.
पासपोर्टवर सुलभा, औषधांच्या बाटल्यांवर सुलभा,
बागेतल्या बाकावरच्या पितळी पट्टीवर सुलभा.
शिरीषला विचारलं तर म्हणेल, कोण द्वारका?
"ताटात तांदूळ पसरलेले," मामंजी म्हणाले,
"अंगठीनं नवं नाव मीच लिहिलं. वडील म्हणाले म्हणून.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
मग इथे खातं उघडताना साहेब म्हणाला,
असा शब्द द्या, जो तुम्ही विसरणार नाही
आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल."

माझ्याही पुढे आलं होतं ते ताट.
मी म्हटलं, नको, माझं नाव राहू दे.
मांडवात एकदम शांत झालं.
सासूबाईंनी काही न बोलता ताट उचललं
आणि आत नेलं.
एकोणीस वर्षं मी समजत होते
की त्या रागावल्या.

व्हायोलिन थांबलं. बाई म्हणाली,
शब्द आता दोघांना कळलाय, तेव्हा
सुरक्षिततेसाठी बदलावा लागेल.
नवा द्या. निदान सहा अक्षरी.

मामंजी माझ्याकडे बघतात.
मी गॅसच्या बिलाकडे.
तुम्ही आहात ना लाइनवर? बाई विचारते.

आहोत, मी म्हणते. एक मिनिट.
आणि त्या दोन विम्यांचं तर
अजून राहिलंच आहे.