नऊ पॉइंट आठ

पहिल्या संध्याकाळी मी नुसते आकडे बघत बसले.
फोन टेबलावर उताणा, हात मांडीवर,
कुणी हलवत नाही, कुणी बोलत नाही,
तरी पडद्यावर नऊ पॉइंट आठ,
नऊ पॉइंट सात नऊ, नऊ पॉइंट आठ एक,
झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं वरखाली.

बिघडलाय, मी म्हटलं.
ओयार्सो सर म्हणाले, नाही यास्ना, बरोबर आहे.
टेबल त्याला सारखं वर ढकलतंय,
पडू देत नाहीये,
तेवढंच सांगतोय तो.
मग त्यांनी स्वतःचा फोन पार छताला टेकेल असा उडवला
आणि जाकिटात झेलला.
नोंदी उघडल्या. हवेत होता तेवढा वेळ शून्य,
वर जातानासुद्धा शून्य.
सर फळा पुसायला लागले.
मला मात्र त्या रात्री बसमध्ये
माझ्या खालची सीट जाणवत राहिली.

दिवसा मी झोना फ्रांकात फोन दुरुस्त करते. आठ वर्षं झाली.
फुटक्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या,
कॉफी सांडून चिकट झालेली बटणं.
हा सेन्सर कितीदा भिंगाखाली आला असेल,
तिळाएवढा, काळा, चौकोनी.
त्याच्या पोटात सिलिकॉनचा झोपाळा टांगलाय
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा गेम साधा आहे.
सामुद्रधुनी ओलांडायची. फोन कलला की फेरी वळते.
अलीकडे पुंता आरेनास, जिथे वारा सुटला
की माणसं चौकात बांधलेला दोर धरून रस्ता पार करतात,
पलीकडे पोर्वेनीर.
पहिल्याच दिवशी मी फोन आडवा धरला,
आडव्या अक्षाचा उभा झाला
आणि माझी फेरी सगळ्या मेंढरांसकट
डोंगर चढून गेली.

ते निस्तरलं. मग डांकोमामाच्या हातात दिला.
सव्वीस वर्षं त्याने हीच फेरी हाकली.
आता त्याचा हात थरथरतो,
चमचा बशीशी बोलत असतो जेवण होईपर्यंत.
चार सेकंदांत बोट बुडाली.
पुन्हा चार. मग तीन.
तो काही बोलला नाही. पाव मोडत बसला.

मी रात्रभर गाळणी लिहिली:
जुन्या मापाचे ऐंशी टक्के, नव्याचे वीस,
म्हणजे कालच्याला धरून आजचं थोडं थोडं ऐकायचं.
सकाळी फेरी लोण्यातून गेल्यासारखी गेली.
मामा निम्म्या वाटेत थांबला.
"हे कोण चालवतंय?"
तू, मी म्हटलं.
"मग माझा हात कुठाय?"

फोन खाली ठेवून तो सांगू लागला,
सुकाणूही थरथरायचं, अगं.
खालून इंजिन, बाजूने ओढ, आणि दोन्ही तळव्यात.
ती थरथर थांबली की आम्ही घाबरायचो.

मी कामावर गेले नाही त्या दिवशी.
गाळून उरलेला जो गाळ मी फेकत होते
तो पहिल्या मापातून वजा करून वेगळा धरला.
संथ भाग फेरीला दिला,
थरथर पाण्याला.

आता ज्याचा हात, त्याचा समुद्र.
माझा अगदी गार सुपासारखा,
दोन कॉफ्यांनंतर ओयार्सो सरांचा जरा फेसाळ.
आणि मामाचा?
पडदाभर पांढऱ्या लाटा, वर तुषार,
आणि मधून फेरी सरळ, हट्टी,
कशालाही न विचारता.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी तो पोचला.
मी टाळी वाजवणार होते.
"धक्का चुकीच्या हाताला बांधलायस,"
तो म्हणाला, "इथे उतरलं तर
मेंढरं थेट पाण्यात."
आणि फोन पावाशेजारी ठेवून दिला,
तिथे तो आपलं नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट सात नऊ
पुटपुटत राहिला.
धक्का उद्या हलवते.