एकसष्ट टक्के

दोर्दोयच्या बाजारात कंटेनरवर कंटेनर,
खालच्यात दुकान, वरच्यात गोदाम.
नारिनहून पहाटेच्या गाडीनं निघालं
की दुपारी मुरातालीच्या काचेसमोर.
तो पत्ते टाकावेत तशा चार बॅटऱ्या टाकतो,
म्हणतो, एजे, कंपनीच्या एकीच्या पैशात या चार.

छापलेला आकडा मी वाचत नाही.
छापायला काय, शाई स्वस्त असते.
एक या तळहातावर, एक त्या;
हलकी लागली की समजायचं,
पोटात ऐवज थोडा, तोंडाला बडबड फार.
मग कॅमेऱ्यात सरकवून बघायची,
सैल बसते का, निघताना अडते का.
कॅमेरा विचारतो: ही आपली नव्हे, चालेल?
मी 'हो' दाबते.
लग्नानंतर वर्षभर सासूही
अशाच नजरेनं बघायची माझ्याकडे.

घरी आल्यावर नेलपॉलिश.
एक ठिपका, दोन, तीन, चार.
एर्मेक हसतो. शिकाऊ आहे, हसू दे.
मागच्या खेपेची तीन ठिपक्यांची
कॅमेऱ्यातच फुगून बसली,
तेव्हा हा कुठं होता?
लोण्याच्या सुरीनं, श्वास धरून,
मी एकटीनं काढली ती,
अंगणात बर्फावर ठेवली रात्रभर
आणि कुत्र्याला आत घेतलं.

चार्जर शिर्दाकवर ठेवायचा नाही, एर्मेक,
आजीनं सहा महिने शिवलाय तो.
एनॅमलची ताटली पालथी घाल, तिच्यावर ठेव.
आणि बाहेरून आल्या आल्या लावू नकोस.
गारठलेल्या पाहुण्याला
आपण आधी चहा देतो की नाही?
चौकशा मागून.
दिवा हिरवा झाला की काढ.
झोपायचं असेल तर आधी काढ, मग झोप.

लग्नात सगळ्या जॅकेटच्या आत, काखेशी.
कॅमेऱ्यात एक, अंगाशी तीन,
दर वीस मिनिटांनी अदलाबदल,
कोंबडीनं अंडी फिरवावीत तशी.

हे सगळं मला येत होतं
त्या फेब्रुवारीत, आत-बाशीला.
उणे एकतीस.
नवरी गाडीतून उतरली
आणि दारात उमसुनाय आजी आली,
कुणी धरलेलं नव्हतं तिला,
डोक्यावर पांढरं एलेचेक,
हात थोडा वर, बहुधा उन्हासाठी.
पडद्यावर एकसष्ट टक्के.
मी बोट टेकवलं
आणि काळं.
एकसष्टावरून सरळ काळं,
मधे पन्नास नाही, दहा नाही, लाल खूण नाही.
दात लावून हातमोजा ओढला, काखेत चाचपलं,
दुसरी घातली,
तोवर आजी वळली होती.

वसंतात तिचा मुलगा आला,
टोपी हातात घेऊन.
त्या दिवसाचा आहे का एखादा, तोंड दिसेल असा?
पाठीचा होता. एकच.
तोच मोठा करून नेला त्यानं,
पैसे दिले, मी नको म्हटलं तरी दिले.

तोकतोसूनच्या पेटीत त्याची जुनी बॅटरी आहे,
कंपनीची, अकरा वर्षांची,
अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली.
चाळीस फोटो देते, एकेचाळिसावा मागायचा नाही.
पण बारा म्हणाली की बाराच.
तोही असाच होता,
चहा नको म्हणाला की खरंच नको असायचा.

आता दारात कुणी म्हातारं माणूस आलं
की ठिपकेवाली काढते, ही घालते,
कॅमेरा काही विचारत नाही,
आणि मी चाळीस मोजते, मनात.

एर्मेक म्हणतो, कंपनीचीच नवी घ्या ना एक.
पैसे, मी म्हणते.
आणि तेही खरंच आहे.