जमिनीवरचे आकडे

ढोलाच्या पेटीत उंदरीण व्यायली होती.
दोन वर्षं कुणी उघडलीच नव्हती ती पेटी.
झाकण उचललं तर आत, चिंध्यांच्या गादीवर,
सहा गुलाबी पिल्लं.
पेटी तशीच उचलून मागच्या दाराशी ठेवली.
लेशेक असता तर त्यानं बारसंही उरकलं असतं.

लेशेक आता नॉर्वेत मासे सोलतो.
परत नाही यायचं म्हणतो.
"इथं पगार महिन्याच्या महिन्याला होतो, बोगुश."

मी छताला साखळ्या बांधणारा, दिवे टांगणारा.
त्या दोन वर्षांत पावाची गाडी चालवली,
पहाटे तीनला, ग्दान्स्कच्या रिकाम्या गोदीवरून,
मागे गरम पाव, पुढे मी,
आणि रेडिओ बंद.
भुकेल्याला शेजारच्या फोडणीचा वास नको असतो,
तसं झालं होतं गाण्याचं.

आणि इथं, ह्याच फरशीवर, खाटा होत्या.
चारशे.
प्रत्येकीखाली पिवळ्या रंगाचा आकडा.
आम्ही तीन दिवस घासत होतो,
तरी आकडे फिकट होऊन उरलेच.
मॅनेजर म्हणाला, राहू द्या,
आज खाली कोण बघणार आहे?

दारं उघडली.
पोरं कठड्याकडे धावत सुटली
आणि मधेच थबकली.
किती जवळ उभं राहायचं असतं,
हे शरीरांना आठवेना.
दोन अनोळखी कोपरं एकमेकांना लागली,
दोघंही एकदमच "माफ करा" म्हणाले,
मग हसले, मग सरकलेच नाहीत.

वरच्या लोखंडी पुलावरून मला माणसं म्हणजे
नुसते भांग आणि टकलं.
त्यात एक बाई, करडे केस, बॉयकट,
सगळी गर्दी पुढे बघत असताना
ही मान खाली घालून चाललेली,
हरवलेलं कानातलं शोधावं तशी.
एका पोराला तिनं पाय बाजूला घ्यायला लावला.
वाकून वाचलं.
मग उभी राहिली. आकड्यावर नाही.
आकड्याच्या बाजूला,
खाटेच्या कडेला उभं राहतात तशी.

दिवे गेले.
पहिला सूर कानांआधी माझ्या गुडघ्यांना कळला,
लोखंडातून वर चढत आला.
गायक जाडावलेला, घामाघूम,
दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरला.
क्षणभर काहीच नाही.
आणि मग बारा हजार माणसांनी
एकदम श्वास आत घेतला.

तोच, ज्याच्यापासून आम्ही तोंडं झाकत होतो.
वरून ऐकला मी तो.
समुद्र मागे सरताना वाळू ओढतो, तेवढाच आवाज.
हात कठड्यावर घट्ट आवळले गेले माझे,
खोटं कशाला बोलू.

मग ते कडवं त्यांनी म्हटलं.

बाई गात नव्हती.
हात कमरेच्या उंचीवर, हवेत, दोन बोटं टेकवलेली,
ताल धरावा तशी, किंवा नाडी बघावी तशी.
शेजारच्या पोरानं उडी मारली
आणि नेमका त्या आकड्यावर उतरला.
पुन्हा मारली. पुन्हा.
ह्या वेळी तिनं त्याला हटकलं नाही.

रात्री कोटांच्या खिडकीशी गाठ पडली.
व्येस्वावा, रात्रपाळीची परिचारिका.
मी विचारलं, तुमच्या माणसाला आवडायचा का हा बँड?
"एकशे त्रेचाळीसला? छे!
त्याला मुळीच सहन व्हायचा नाही.
एकशे चव्वेचाळीस लावायचा फोनवर,
आणि हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून
शिव्या द्यायचा.
मी ओरडायचे दोघांवर."
टोपी घातली. "चव्वेचाळीस घरी गेला," म्हणाली.
एवढंच म्हणाली.

पहाटे तीनपर्यंत साखळ्या उतरवल्या.
मागच्या दाराशी पेटी उघडीच होती.
आत पाच पिल्लं उरलेली.
सहावं तोंडात धरून आई भिंतीकडेनं निघालेली,
आमच्यापासून लांब, कुठंतरी शांत.

लेशेकला फोटो पाठवला.
बघितला त्यानं.
अजून काही लिहिलं नाही.