शंभर टक्के

मे महिन्यात वॉटर बाथ तापवावा लागत नाही,
थंड करावा लागतो.
बाहेर शेहेचाळीस. आम्हाला हवे सदतीस, अंगाइतके.
म्हणून तुळशीराम उईके गोकुळपेठेतून
बर्फाची लादी आणतात पोत्यात गुंडाळून
आणि फोडून टाकतात पाण्यात,
लग्नघरच्या मठ्ठ्यासाठी फोडावी तशी.

मी सकाळपासून मेदाचे फुगे घडवते आहे.
क्लोरोफॉर्म उडाल्यावर काचेच्या तळाशी उरते
दुधावरच्या सायीहून पातळ साय.
तिला पाणी दाखवायचं,
मग गाळणीतून इकडून तिकडे, अकरा वेळा.
अकराच. बारा केले
तर गाळून काढलेलं सगळं पुन्हा पदरात.

काही फुग्यांना रंग चोपडलाय, गच्च.
गर्दीत हा रंग विझलेला असतो,
कण कणाला खेटून एकमेकांचा उजेड गिळत.
बिनरंगी शेजारी भेटला, पडद्यात पडदा मिसळला,
की पांगायला जागा मिळते
आणि तो पेटतो.
किती पेटला, किती सेकंदांत,
एवढंच मोजायचं.

पेशींतून काढलेलं प्रथिन मध्ये सोडलं.
सव्वादोनला, स्टॅबिलायझर कुरकुरत असताना,
रेघ चढली. मी ओरडलेच.

मग दुसरी चाचणी, पोटातल्या मालाची.
एकाच्या आत टर्बियम, दुसऱ्याच्या आत त्याचा जोडीदार,
भेटले तर हिरवे चमकतात.
नाही चमकले.
रेघ अंबाझरीच्या पाण्यासारखी, वारा नसतानाच्या.

"झालं का बाई, एक?"
अर्धं, मी म्हणते. कातडी एक, पोटं वेगळी.
"मंग तसंच रायते," तुळशीराम फडकं पिळतात,
"आमच्या घरी आंगण एक, चुली दोन.
सतरा वर्सं झाली. काई बिघडलं नाई."

वहीत लिहिते: अर्धमीलन.
खोब्रागडे मॅडम हा शब्द खोडतील.

शेवटी ट्रायटन.
साबणाचाच चुलतभाऊ. चार थेंब
आणि सगळे फुगे फुटतात, जुळलेले, न जुळलेले.
रंग मोकळा, उजेड छताला.
त्या उजेडाला शंभर म्हणायचं
आणि मघाच्या भेटीला त्यातले सव्वीस.

पिपेट धरून आज जरा थांबले.
सव्वीस हे सव्वीसच आहेत हे कळायला
एकही शिल्लक ठेवता येत नाही.

बर्फ संपला होता. पारा अडतीस.
तुळशीराम पोतं झटकून पुन्हा निघाले,
डोक्याला दुपट्टा बांधत.
मी चार थेंब सोडले.