फळ्यावरची ओळ

अक्कलकोट रोडला, आमच्या मोठ्या शेडमध्ये
चोवीस माग आहेत आणि एक फळा.
फळा माझा.
हिरवा खडू म्हणजे चालू, पिवळा म्हणजे बीम बदली.
लाल खडू मी संपू देतो,
नवा मागून घेत नाही.

टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात.
एक खालच्या पोताचा, ताठ, हिशेबी.
दुसरा पाईलचा, सढळ हातानं सूत सोडतो
म्हणून तर टॉवेलला लव येते.
दोघं एकाच दिवशी चढले
तरी एकाच दिवशी संपत नाहीत.
मी मात्र वर्षभर
दोघांना एकाच चौकटीत कोंबत होतो.

त्या रात्री अकरा नंबर थांबला.
हॉटेलची ऑर्डर, पांढरेशुभ्र, जाड, घाईचे.
पाईलचा बीम सायझिंगमध्ये तयार.
माग इकडे तयार.
जॉबर गाजूल पान्हा घेऊन तयार,
अंगातला गंजिफ्राक पाठीला चिकटलेला,
एप्रिलमधलं सोलापूर रात्री दोनलाही निवत नाही.
मधे फक्त अडीचशे पावलं.

त्या अडीचशे पावलांत, बॉयलरच्या भिंतीपाशी,
जिथं बोळ एका गाडीपुरताच आहे,
इरय्या आणि मौलाली समोरासमोर आले.
इरय्याच्या गाडीवर साडेतीनशे किलोचा भरला बीम.
मौलालीच्या गाडीवर रिकामे बीम,
जे पोचल्याशिवाय वार्पिंग उपाशी.
‘आगु, आगु!’ इरय्या ओरडला.
मौलाली आधीच थांबलेला.
मागं घ्यावं तर इरय्याच्या मागं चढ
आणि मौलालीचं एक चाक फक्त पुढंच फिरतं
हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत,
मला सोडून.

दोघांच्या चिठ्ठ्या पाहिल्या.
सही माझी. वेळ एकच.
दोन वाजून दहा.

मग त्यांनी काय केलं:
रिकामे बीम एकेक करून उचलले,
भरल्या बीमच्या डोक्यावरून पलीकडे दिले,
मौलालीनं आपली गाडी भिंतीला उभी टेकवली
आणि स्वतः पोट आत घेऊन तिच्याशेजारी उभा राहिला.
इरय्या गेला. बीमला ओरखडा नाही.
अकरा नंबर तीनला सुरू झाला.
मी फळ्यापुढं, हातात खडू.
थांबलेल्या मागाला रंग आहे.
भिंतीशी पोट आत घेऊन उभ्या माणसाला
कुठला द्यायचा?

दुसऱ्या दिवशी चोविसाव्या मागाखाली
मी दोन ओळी वाढवल्या.
इरय्या आला, चष्म्याची तुटकी काडी धरून
अक्षर अक्षर लावत वाचलं.
‘हे मी?’
‘तुम्हीच.’
‘इथं भरून गेलो. इथं परत भरून निघालो.’
बोट मधल्या रेघेवर, जिथं काहीच नव्हतं.
‘मधे माघारी कसा आलो, बाबू?
उडत?’

बाहीनंच पुसलं सगळं.
पुन्हा मांडलं: भरून जाणं,
उतरवायला गाजूल मोकळा असणं,
रिकामं येणं, बारा मिनिटं,
उन्हात चौदा.
बोळात एका वेळी एकच.
टाकीवर पाणी. मौलालीची तंबाखू
मी पाणी याच शब्दात बसवली.

मालक बघून गेले. ‘कागदावर माल कमी दिसतोय की ओ.’
‘कागदावर,’ मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला जरा मोठा वाटला.
शनिवारी गासड्या मोजल्या.
तीन जास्त. पुढच्या शनिवारी दोन कमी,
वीज गेली होती, तिची ओळ
कुठल्या फळ्यावर काढायची ते मला अजून सुचलेलं नाही.

सकाळी सात, पाळी सुटते.
इरय्या हात धुऊन फळ्यापाशी येतो,
उद्याची आपली रेघ बघतो,
जसं कुणी आपल्या घरावरची पाटी बघावी.
‘एवढं करा,’ म्हणतो,
‘नुसतं इरय्या नको.
कोंगारी पण लिहा.
जागा आहे की.’

जागा नाही.
एक माग थोडा अरुंद करतो.