चौसष्ट

लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
एक माणूस बसू शकतो, तो मी.
दुसरा वाकून उभा राहतो आणि म्हणतो,
साहेब, ह्यात गाणी होती.

होती.
हे क्रियापद मला लांबून ओळखू येतं.

खोक्यावर चौसष्ट, पडद्यावर चौसष्ट.
संगणकाला लावा, तोही मान डोलावतो, चौसष्ट.
तो कुठे मोजतो?
तो विचारतो, समोरचा सांगतो.
आत चिप चारची,
तिच्यावरचा नंबर पॉलिश पेपरने घासलेला.

शिराली, ज्यांच्याकडे मी डाख लावायला शिकलो,
म्हणायचे, किंमत बघ आधी.
साडेतीनशेत चौसष्ट देणारा
तुझा मामा लागतो का?
मग काठोकाठ भर.
आणि शेवटचं गाणं लावून खूश होऊ नकोस,
शेवटचं वाजतंच.
पहिलं लाव.

कारण चारची जागा संपली तरी ते थांबत नाही.
भरलं, असं ओरडत नाही.
गुपचूप पहिल्या पानावर परत येतं
आणि लिहिलेल्यावर लिहीत सुटतं.
यादी मात्र शाबूत, एकही नाव कमी नाही,
मतदार यादीत मेलेले असतात तसे सगळे हजर.

गोराईचा बावतीस घोन्साल्विस, बोटीवर ऑइलर.
मुसाफिरखान्याच्या फुटपाथवर घेतलं त्याने हे,
रात्रभर भरलं नऊ महिन्यांच्या फेरीसाठी :
बापाचं व्हायोलिन, कॅसेटींवरून उतरवलेलं,
गावातल्या लग्नांचे बँड,
मग मेहुण्याने फुकट दिलेली जिमची गाणी, ढीगभर,
आणि निघताना पोरगी रुसली म्हणून
तिने म्हटलेले पाढे. सगळ्यात शेवटी.

एडनच्या पुढे कुठेतरी
त्याने बापाचं नाव दाबलं
आणि आतून जिमचा ढोल आला.

मग नऊ महिने काय ऐकलंस?
पाढे, म्हणाला.
बे एके बे, बे दुणे चार,
मागे कुकरची शिट्टी, कोंबडा,
कुणीतरी बाहेरून विचारतंय सुकट हवी का.
अठ्ठावीसच्या पाढ्यात जेनेसा
साती एकशे शहाऐंशी म्हणते,
आणि आठी मात्र दोनशे चोवीस, बरोब्बर.
इंजिनरूममध्ये आम्ही तिथे ओरडायचो, शहाण्णव!
फिलिपिनो कुकसुद्धा.
त्याला मराठीत तेवढंच येतं.

मी म्हटलं, माझ्याकडे एक प्रोग्रॅम आहे,
ह्याला खरं बोलायला लावतो.
चार म्हणेल, चारच घेईल, भरलं की थांबेल.
पण आधी सगळं पुसावं लागतं.
पाढे काढून ठेवतो बाजूला, काळजी नको.

काढ, म्हणाला, पण ह्यातलंही राहू दे.
ती आता शहाण्णव म्हणते.

आणि कॅसेटी? व्हायोलिनच्या?
बावतीसने वर जिन्याकडे पाहिलं.
ह्यात आल्या ना सगळ्या,
म्हणून टाकून दिल्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी यादीतलं पहिलं नाव लावलं.
ढोल. पुढचं लावलं, ढोल.
एका चिपवर दोन थर नसतात,
वरचं खरवडलं तर खालचं लागत नाही,
ही काही भिंत नाही रंगाची.
बावीस वर्षं हेच सांगतोय गिऱ्हाइकांना.
तरी आवाज कमी करत करत
कान लावून बसलो,
वर वॉचमन दिवे घालवायला लागला तोवर.

मागच्या बाजूला मार्करने बारीक चार लिहिला.
कॉपीचे पन्नास.
तो उद्या येतो म्हणालाय.